बोट लागल्याशिवाय आवाज नको

जयपूरच्या गोपालपुरा बायपासवर कोचिंग क्लासच्या पाट्यांच्या जोडीने ‘लायब्ररी’ अशा पाट्याही दिसतात. या लायब्ररीत पुस्तके फारशी नसतात. महिन्याचे भाडे भरून इथे मिळते ती शांतता. प्लायवूडचे छोटे कप्पे, प्रत्येकात एक दिवा, चार्जिंगची सोय, वाय-फाय आणि भिंतीवर फोन सायलेंट ठेवण्याची सूचना. राज्य सेवा, पटवारी, शिक्षक भरती अशा परीक्षांसाठी गावाकडून आलेली मुले-मुली इथे तासन् तास बसून असतात. चालू घडामोडींसाठी कुणीतरी फोनवर बातमी उघडतो, दुसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचतो आणि अचानक त्या कप्प्यातून बिल्डरच्या जाहिरातीतला माणूस खणखणीत आवाजात बोलू लागतो. आजूबाजूच्या माना वळतात. तो मुलगा घाईघाईने आवाजाचे बटण दाबत राहतो, जाहिरात बंद करायची फुली शोधतो, ती सापडत नाही, शेवटी फोन उलटा करून मांडीवर दाबून धरतो.

आणि फोन तर सायलेंटवरच होता. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये रिंगचा आवाज आणि व्हिडिओ-गाण्यांचा आवाज यांची वेगवेगळी व्यवस्था असते. सायलेंट केल्याने घंटी बंद होते, जाहिरात बंद होत नाही. म्हणजे ज्याने नियम पाळला, त्याच्याच फोनने नियम मोडला, आणि शरमिंदा तोच झाला.

वेबसाइट उघडताच आपोआप सुरू होणारे व्हिडिओ आणि आवाज ही किरकोळ कटकट मानून सोडून देण्याची सवय आता लोकांना लागली आहे. ही सवय मोडायला हवी. वाचायला आलेल्या माणसाला न विचारता ऐकवणे हा त्याच्या वेळेवर, पैशावर आणि मनावर केलेला आगाऊपणा आहे. रस्त्यावरच्या लाउडस्पीकरबाबत आपल्या न्यायालयांनी हे तत्त्व कधीच मान्य केले आहे. खिशातल्या लाउडस्पीकरला मात्र अजून ते कुणी लागू केलेले नाही.

राजस्थानात गोंगाट आवरण्यासाठीचा कायदा १९६३ पासून आहे. देशभरासाठीचे ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटले होते, की बोलण्याच्या स्वातंत्र्यात न ऐकण्याचे स्वातंत्र्यही येते आणि कुणालाही जबरदस्तीचा श्रोता बनवता येणार नाही. पुढे १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश आर. सी. लाहोटी यांच्या खंडपीठाने ध्वनिप्रदूषणावर सविस्तर निकाल दिला. त्या खटल्यामागची घटना आठवली तरी अंगावर काटा येतो: तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला आणि तिच्या हाका शेजारच्या लाउडस्पीकरच्या गाण्यांत कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. बोलणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याच्या कानात आवाज ओतण्याचा हक्क कुणालाही नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्रात ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये हाच धागा पुढे नेला. मंडप, मिरवणूक, प्रार्थनास्थळ यांपैकी कुणालाही सूट मिळाली नाही.

डेसिबल मोजणाऱ्या या नियमांच्या मापात फोनचा छोटा स्पीकर बसत नाही, हे खरे. पण त्या निकालांचा गाभा डेसिबलमध्ये नाही. ऐकायचे की नाही हे कोण ठरवणार, या प्रश्नात तो आहे. त्याचे उत्तर आपण चौकात एक देतो आणि स्क्रीनवर दुसरे.

हे आले कुठून? वेबवर न मागता वाजणारा आवाज नवा नाही. १९९०च्या दशकात इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पानामागे संगीत लावण्याची खास सोय होती आणि हौशी लोकांनी ती मनसोक्त वापरली. ती हौस होती. आजचा प्रकार हिशेबाचा आहे. साध्या चित्राच्या जाहिरातीपेक्षा व्हिडिओ जाहिरातीला जास्त दर मिळतो. २०१४ साली अमेरिकेतल्या मोजमाप संस्थेने ठरवलेल्या निकषानुसार व्हिडिओ जाहिरातीचा निम्मा भाग सलग दोन सेकंद पडद्यावर राहिला, की ती ‘दिसण्याजोगी’ धरली जाते. दोन सेकंद! तेवढा वेळ तर फुली शोधण्यातच जातो. म्हणजे वैतागून जाहिरात बंद करणारा माणूसही प्रेक्षक म्हणून मोजला जाऊ शकतो.

या मोजणीवर किती मोठे इमले उभे राहिले, याचा दाखला फेसबुकने दिला. २०१३ पासून तिथे व्हिडिओ आपोआप सुरू होऊ लागले आणि तीन सेकंद चालला की एक ‘व्ह्यू’ धरला जाऊ लागला. लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा जो आकडा आपण दोन वर्षे देत होतो तो फुगलेला होता, अशी कबुली कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये दिली. फुगवटा ६० ते ८० टक्क्यांपर्यंतचा होता. जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये ४ कोटी डॉलरवर तडजोड झाली. दरम्यानच्या काळात अमेरिकेतल्या अनेक वृत्तसंस्थांनी लिहिणारी माणसे कमी करून व्हिडिओ बनवणारी माणसे घेतली होती. वाचकांना व्हिडिओच हवेत, असे तेव्हा छातीठोकपणे सांगितले जात होते. ती मागणी खरोखर वाचकांची किती आणि आपोआप सुरू होणाऱ्या खिडकीची किती, हे तेव्हाच तपासायला हवे होते.

लोकांचा वैताग कानावर गेला तो ब्राउझर बनवणाऱ्यांच्या. ॲपलच्या सफारीने सप्टेंबर २०१७ मध्ये मॅकवर आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओ रोखले. गूगलच्या क्रोमने एप्रिल २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१९ मध्ये तेच केले. मग आजही हा त्रास का होतो? कारण क्रोमचा नियम बारकाईने पाहिला तर त्यात दोन फटी आहेत. पानावर वाचकाने एकदा कुठेही बोट टेकवले, की त्या संकेतस्थळाला आवाजाची मुभा मिळाली असे मानले जाते. कुकीजच्या सूचनेवर ‘ठीक आहे’ दाबले, ‘पुढे वाचा’ दाबले, पानावरच दाखवलेली नोटिफिकेशनची विनंती नाकारली, तरी बोट टेकलेच. आपण काय नाकारले आणि काय स्वीकारले याचा पत्ता वाचकाला नसतो. दुसरी फट संगणकावरची. एखाद्या संकेतस्थळावर तुम्ही आवाज चालू ठेवून सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ व्हिडिओ पाहत असाल, तर क्रोम त्याची नोंद ठेवतो आणि अशा नोंदी पुरेशा साठल्या की पुढच्या वेळी त्या संकेतस्थळाला न विचारता वाजू देतो. एखाद्या वृत्तवाहिनीची मुलाखत आवडीने ऐकणाऱ्या माणसाला पुढच्या आठवड्यात तिथली बातमी वाचतानाही आवाज झेलावा लागतो, तो यामुळे. क्रोम बनवणारी कंपनी जाहिरातींच्या बाजारातली सर्वांत मोठी खेळाडूही आहे. तिने लावलेली कडी किती घट्ट असेल, याची मर्यादा इथेच कळते.

शिवाय मूक व्हिडिओला ब्राउझरच्या मूळ सेटिंगमध्ये मोकळीक असते. आवाज नाही म्हणून त्रास नाही, हा समज चुकीचा आहे, आणि राजस्थानात तो चुकीचा का आहे ते समजून घेण्यासारखे आहे. १० ऑगस्ट २०२३ रोजी जयपुरात तत्कालीन मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी इंदिरा गांधी स्मार्टफोन योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात ४० लाख महिलांना फोन द्यायचे ठरले. प्रत्येकीमागे ६,८०० रुपये, त्यातले ६७५ रुपये सिम आणि डेटासाठी. निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या योजनेच्या हेतूंवर वाद झाला तो झाला. पण ज्यांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा फोन आला त्या बायकांसाठी डेटा ही मोजून मिळालेली वस्तू होती.

आता हिशेब करू. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. हजार शब्दांचा मराठी किंवा हिंदी लेख त्यामुळे साधारण २० किलोबाइटचा होतो. मध्यम दर्जाचा व्हिडिओ सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने उतरतो असे धरले, तर अर्ध्या मिनिटात पावणेचार मेगाबाइट खर्च होतात. एका न मागितलेल्या जाहिरातीच्या डेटात शंभराहून जास्त लेख वाचून झाले असते. विधवा पेन्शनचा नियम किंवा रेशनची यादी बघायला आलेल्या बाईच्या पॅकमधून हा खर्च वजा होतो, आणि तो कुणी केला हे तिला कधीच कळत नाही. वीजबिलात शेजाऱ्याचा एसी लावला तर माणूस भांडायला उठतो. इथे भांडायचे कुणाशी?

पण सर्वांत मोठी किंमत मोजतात ते दृष्टिहीन वाचक, आणि या विषयावरच्या चर्चेत नेमके त्यांचेच नाव शेवटी येते. दृष्टिहीन माणूस फोन वापरतो तो टॉकबॅकसारख्या स्क्रीन रीडरच्या मदतीने, संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉजच्या मदतीने. पडद्यावर जे लिहिले आहे ते हे सॉफ्टवेअर मोठ्याने वाचून दाखवते. बोट सरकवावे तसे बटणाचे नाव ऐकू येते: ‘मेनू’, ‘शोधा’, ‘बंद करा’. आता पान उघडताच व्हिडिओ गर्जू लागला, की दोन्ही आवाज एकाच स्पीकरमधून येतात आणि स्क्रीन रीडरचे शब्द जाहिरातीखाली गाडले जातात. व्हिडिओ थांबवायचे बटण शोधायला स्क्रीन रीडर ऐकू यायला हवा. स्क्रीन रीडर ऐकू यायला आधी व्हिडिओ थांबायला हवा. संगणकाचा आवाज पूर्ण घालवला तर स्क्रीन रीडरही मुका होतो. डोळस माणसाची जी चार सेकंदांची चिडचिड, ती इथे दार बंद होण्यासारखी आहे.

म्हणूनच वेबच्या सुगम्यतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २००८ पासून सांगतात, की तीन सेकंदांपेक्षा जास्त काळ आपोआप वाजणारा आवाज थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय पानावर असलीच पाहिजे. हा निकष सर्वांत प्राथमिक पातळीवरचा आहे. तो पाळला नाही तर पुढचे काही मोजायचेच नाही. आपोआप हलणाऱ्या मजकुरासाठीही पाच सेकंदांची वेगळी अट आहे, कारण डोळ्यांच्या कडेला सतत हलणारे चित्र असले की लक्ष एकाग्र करण्यात अडचण असलेल्यांना वाचताच येत नाही. भारतात सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून याच चौकटीवर बेतलेली आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीच्या भाषेत ठेवणे कायद्याला धरून नाही, ते बंधनकारक हवेत, असा निर्णय दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे त्याच न्यायालयाने म्हटले. इतके स्पष्ट निकाल हाताशी असताना निदान शासकीय पानांवरची स्वागतगीते आणि मंत्र्यांचे आपोआप सुरू होणारे संदेश उद्याच्या उद्या थांबवायला हरकत काय?

आणखी एक इजा आहे, जिचा हिशेब डेटात होत नाही. २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोट्याजवळ एलपीजीच्या टँकरला ट्रकची धडक बसली. गॅस पसरला, आगीचा लोळ उठला, मागेपुढे उभी असलेली वाहने पेटली आणि डझनाहून जास्त माणसे जिवानिशी गेली. होरपळलेल्यांना सवाई मानसिंह रुग्णालयात नेण्यात आले. त्या दिवशी आगीची आणि जळत्या रस्त्याची दृश्ये वाहिन्यांवर आणि फोनांवर अखंड फिरत होती. त्या महामार्गावरून त्या पहाटे कुणाचा भाऊ ट्रक घेऊन येत होता, कुणाची मुलगी बसमध्ये होती. अशा घरातल्या माणसाला बातमीतून हवी असते ती जखमींची नावे, रुग्णालयाचा वॉर्ड, चौकशीचा क्रमांक. बातमीच्या डोक्यावर ज्वाळांचा व्हिडिओ आपोआप सुरू होत असेल, तर त्या चार ओळींपर्यंत पोचण्यासाठी त्याला आधी ते पाहावे लागते. तो व्हिडिओ दाखवण्यात वृत्तमूल्य असेलही. पण कुणी कधी पाहायचा, हे संपादकाने किंवा जाहिरातीच्या खिडकीने ठरवायचे नाही.

राजस्थानने याची भीषण बाजू त्याआधीही पाहिली आहे. २८ जून २०२२ रोजी उदयपूरमध्ये कन्हैयालाल या शिंप्याची हत्या झाली आणि मारेकऱ्यांनी तिचे चित्रीकरण करून ते पसरवले. तो व्हिडिओ दाखवू नका, असे आवाहन माध्यमांना करण्याची वेळ पोलिसांवर आली, राज्यभर इंटरनेट बंद करावे लागले. अमेरिकेत २६ ऑगस्ट २०१५ रोजी व्हर्जिनियात दोन पत्रकारांची हत्या करणाऱ्याने स्वतःच तिचा व्हिडिओ टाकला होता. ट्विटर आणि फेसबुकवर तेव्हा आपोआप व्हिडिओ सुरू होण्याची सोय नुकतीच रुळली होती, आणि नुसते बोट सरकवताना असंख्य लोकांसमोर तो सुरू झाला. आपण ते पाहायचे ठरवले नव्हते, एवढीच त्यांची तक्रार होती. ती पुरेशी गंभीर आहे.

उत्पन्नाचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. छापील अंकाची किंमत आणि वेबवरचे उत्पन्न यांची तोंडमिळवणी करताना वृत्तपत्रांची दमछाक होते, मराठी वृत्तपत्रांची तर जास्तच. तरीही आवाज करून मिळालेला पैसा वाचकाच्या खिशातून आणि विश्वासातून येतो. जाहिरात असावी, व्हिडिओही असावा, ठळक त्रिकोणी बटणासह, बोट लावेपर्यंत स्थिर. ज्याला पाहायचा आहे तो पाहील, आणि अशा एका प्रेक्षकाची किंमत दोन सेकंदांच्या दहा प्रेक्षकांपेक्षा जास्त आहे, हे जाहिरातदारांना पटवून देणे हे वृत्तपत्रांच्या विक्री विभागाचे काम आहे.

आपल्याकडे या बाबतीत आजवर कारवाई झाली ती चुकीच्या टोकाला. मुंबईच्या बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलचा आवाज ठेवायला बंदी घातली. कर्नाटकच्या एसटीने त्याआधी नोव्हेंबर २०२१ मध्ये तसे केले. दोन्ही निर्णय योग्यच. पण बातमी वाचणाऱ्या प्रवाशाच्या फोनवर जाहिरात आपोआप ओरडली तर कंडक्टर दटावणार प्रवाशालाच. टीव्हीसाठी मात्र केबल नेटवर्कच्या १९९४ च्या नियमांत जाहिरात अवाजवी मोठ्या आवाजात नसावी, अशी अट आहे आणि तिची जबाबदारी प्रेक्षकावर नाही. तीच दृष्टी वेबला लावायची आहे.

त्यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. खोटी घाई दाखवणे, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे, सारखे टोचत राहणे असे तेरा प्रकार त्यात आहेत, आणि जाहिरातदारही त्यांच्या कक्षेत येतात. त्या यादीत चौदावा प्रकार घालावा: वाचकाने त्या विशिष्ट व्हिडिओवर बोट न लावता आवाज किंवा व्हिडिओ सुरू करणे. ‘पानावर कुठेही’ लावलेले बोट चालणार नाही, हे शब्द त्यात हवेतच, नाहीतर क्रोमची फट कायद्यातही शिरेल. व्हिडिओ पाहण्यासाठीच ज्या सेवांवर लोक जातात त्यांना वेगळा नियम ठेवता येईल. मुलांसाठी तिथेही कडक असायला हवे, आणि ते शक्य आहे: यूट्यूबने ऑगस्ट २०२१ मध्ये १३ ते १७ वयोगटासाठी पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणे मुळातच बंद ठेवण्याचे जाहीर केले.

या मागणीचा आवाज जयपुरातून उठला तर ते सयुक्तिक ठरेल. ‘कट्स’ ही ग्राहक संघटना १९८३ साली याच शहरात सुरू झाली. राजस्थानच्या खेड्यांत ‘ग्राम गदर’ हे भित्तिपत्र लावून तिने लोकांना त्यांचे हक्क सांगायला सुरुवात केली होती. आज तिचे काम अनेक देशांत चालते.

तोवर वाचकाच्या हातात थोडे आहे. क्रोममध्ये साइट सेटिंग्जमधून एखाद्या संकेतस्थळाचा आवाज कायमचा बंद करता येतो. फायरफॉक्समध्ये ऑटोप्लेच्या सेटिंगमध्ये आवाज आणि व्हिडिओ दोन्ही रोखण्याचा पर्याय आहे. समाजमाध्यमांच्या ॲपमध्ये तो पर्याय बहुधा डेटा वापर किंवा सुगम्यता या नावाखाली असतो. आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे तक्रार करताना पानाचा पत्ता, तारीख, वेळ, जाहिरात कोणत्या वस्तूची होती आणि जमल्यास स्क्रीनचे रेकॉर्डिंग जवळ असू द्यावे.